ग्रामीण आरोग्य केंद्रातील आंतरवासिता : पहिल्या दिवसापासून निरोपापर्यंत

एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेनंतरच्या आंतरवासितेत (इंटर्नशिपमध्ये) २०२१ च्या नियमांनुसार १२ आठवडे सामुदायिक वैद्यकशास्त्रासाठी राखलेले असतात, आणि त्यांतला काही काळ महाविद्यालयाशी जोडलेल्या ग्रामीण प्रशिक्षण केंद्रात किंवा एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घालवावा लागतो. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाला मिळालेली सवड म्हणून या काळाकडे पाहणारे विद्यार्थी मी वैद्यकीय अधिकारी म्हणून दरवर्षी पाहत आलो आहे, आणि त्यांना दोष देण्याची माझी फारशी इच्छा नाही, कारण तिथे नेमके काय करायचे हे त्यांना कोणी नीट सांगितलेलेच नसते. महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्णाला घरी सोडले की त्याची आणि आपली भेट संपते. गावात मात्र सोमवारी औषध दिलेली बाई गुरुवारच्या बाजारात समोर येते आणि गोळ्यांनी बरे वाटले नाही हे भर बाजारात सांगते. एकाच माणसाच्या मागे घरापासून दवाखान्यापर्यंत, तिथून मोठ्या रुग्णालयापर्यंत आणि पुन्हा घरापर्यंत राहणे, हे कौटुंबिक वैद्यकाचे काम आहे. पुढचे सर्व टप्पे याच कामाच्या दृष्टीने लिहिले आहेत.

जाण्यापूर्वी

सामानाची यादी छोटी आहे. स्वतःचा स्टेथोस्कोप, रक्तदाबाचे यंत्र, विजेरी, तापमापक, मोजमाप घेण्याची टेप, मळली तरी चालेल अशी पादत्राणे आणि दोन जाड वह्या बरोबर घ्याव्यात. मोबाईलला सर्वत्र रेंज मिळेल असे गृहीत धरू नये. औषधांच्या मात्रा, विशेषतः लहान मुलांच्या वजनानुसार द्यायच्या मात्रा, वहीत लिहून न्याव्यात.

खरी तयारी भाषेची असते, आणि मराठी माध्यमात शिकलेल्यांनाही ती करावी लागते. ‘उन्हाळी लागली’ म्हणजे लघवीला जळजळ होते, ‘अंगावरून पांढरे जाते’ म्हणजे श्वेतस्राव होतो, ‘दिवस गेलेत’ म्हणजे बाई गरोदर आहे, ‘कणकण आहे’ म्हणजे मोजला तर कदाचित न सापडणारा ताप आहे, आणि ‘अंगावर काढले’ म्हणजे दुखणे सहन करत कामे चालूच ठेवली. हा शेवटचा शब्दप्रयोग ऐकला की ‘किती दिवस?’ हा प्रश्न पुन्हा विचारावा, कारण पहिल्या उत्तरातले ‘चार-आठ दिवस’ कधी कधी चार-आठ महिने असतात. मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया, खानदेशात अहिराणी बोलणारे रुग्ण भेटतात. तिथे दुभाषाचे काम करणाऱ्या आशाताईंना प्रश्न आधी समजावून सांगावा आणि रुग्णाकडे पाहत बोलावे.

कोणत्या महिन्यात जात आहात हेही पाहून घ्यावे. पावसाळ्यात सर्पदंश आणि जुलाब वाढतात, कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसची शंका प्रत्येक तापात ठेवावी लागते, फवारणीच्या हंगामात कापसाच्या पट्ट्यात कीटकनाशकाची विषबाधा दिसते, आणि मे महिन्यात विदर्भात उष्माघात. मराठवाड्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा अर्धवट राहिलेले क्षयरोगाचे उपचार, गरोदर स्त्रियांच्या तपासण्या आणि बाळांच्या लसी या सगळ्यांचा हिशेब टोळी निघण्यापूर्वीच लावावा लागतो.

पहिले तीन दिवस

या तीन दिवसांत रुग्ण तपासण्याची घाई करू नये. आधी केंद्र समजून घ्यावे. सपाट प्रदेशात साधारण ३०,००० आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा निकष आहे, आणि त्याखाली अनुक्रमे ५,००० व ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र. केंद्रात सहसा सहा खाटा असतात. त्यावरचे ग्रामीण रुग्णालय बहुधा ३० खाटांचे असते, आणि त्याच्याही वर उपजिल्हा व जिल्हा रुग्णालय. आपल्या केंद्रापासून यांतले प्रत्येक ठिकाण किती किलोमीटर आहे यापेक्षा पावसात आणि रात्री तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे रुग्णवाहिकेच्या चालकाला विचारून वहीत लिहावे.

औषध निर्माण अधिकाऱ्याबरोबर एक तास बसून कोणती औषधे आहेत आणि कोणती वारंवार संपतात हे पाहावे. सर्पविषरोधक लस, अॅट्रोपिन, अॅड्रेनॅलिन, मॅग्नेशियम सल्फेट आणि ऑक्सिटोसिन कुठे ठेवले आहे, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का आणि त्याची चावी कुठे असते, हे स्वतः हात लावून तपासावे. रात्री दोन वाजता कपाटाची किल्ली शोधण्यात गेलेली दहा मिनिटे मी पाहिली आहेत.

नंतर माणसे. आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, आरोग्य सहायिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, गटप्रवर्तक आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक याप्रमाणे नेमलेल्या आशाताई, या सर्वांची कामे वेगवेगळी आहेत. प्रसूतीगृहात वीस वर्षे काढलेल्या सिस्टरना आपण शिकवायला आलो आहोत असा आव आणणारा विद्यार्थी तिथे काहीच शिकत नाही. त्यांना ‘सिस्टर, हे तुम्ही कसे ओळखलेत?’ असे विचारून पाहावे. उत्तर बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकाच्या एखाद्या ओळीशी जुळते, पण ती ओळ त्यानंतर विसरत नाही.

बाह्यरुग्ण विभागात

आठवडी बाजाराच्या दिवशी ओपीडीत गर्दी दुप्पट होते आणि पेरणी किंवा काढणी सुरू झाली की ती अचानक ओसरते. या लयीशी जुळवून घ्यावे. रक्तदाबाच्या रुग्णाला ‘२८ दिवसांनी या’ म्हणण्याऐवजी ‘चौथ्या बाजाराला या’ असे सांगितले तर तो येण्याची शक्यता वाढते.

प्रत्येक रुग्णाला मिळणारा वेळ थोडा असतो, त्यामुळे प्रश्नांचा क्रम ठरवून घ्यावा. त्रास काय आणि केव्हापासून, आतापर्यंत काय उपचार केले, घरात आणखी कोणाला असे होते का, कामधंदा काय, तंबाखू किंवा मशेरी आहे का, आणि आज यायचे कारण काय. शेवटचा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत, आणि मला तो सर्वांत उपयोगी वाटतो. सहा महिने गुडघा दुखत असलेली आजी आज का आली, याचे उत्तर पुष्कळदा ‘मुलगा मुंबईहून आलाय, त्याने आणले’ किंवा ‘रात्री छातीत दुखले म्हणून’ असे निघते, आणि दुसऱ्या उत्तराने तपासणीची दिशाच बदलते.

औषधाची वेळ सांगताना रुग्णाच्या दिवसाची घडी आधी विचारावी. मी स्वतः आंतरवासी असताना एका वयस्कर बाईंना मधुमेहाची गोळी ‘सकाळी नाश्त्याआधी’ घ्यायला सांगितली होती. त्या नाश्ता करतच नसत. पहाटे कोरा चहा घेऊन रानात जात आणि पहिली भाकरी अकराच्या पुढे खात. चौथ्या दिवशी त्या बांधावर घाम येऊन भोवळ खाऊन पडल्या. शेजारच्या शेतात आशाताई होत्या, त्यांनी साखर-पाणी पाजले आणि दवाखान्यात आणले. माझ्या चिठ्ठीत औषध बरोबर होते, मात्राही बरोबर होती. तेव्हापासून ‘पहिली भाकरी कधी खाता?’ हे विचारल्याशिवाय मी ती गोळी लिहीत नाही.

‘सुई द्या’ आणि ‘सलाईन लावा’ या मागण्या रोज ऐकाव्या लागतील. त्यांच्यावर चिडून उपयोग नसतो, कारण सुई दिल्याशिवाय उपचार झालाच नाही ही समजूत आपल्याच व्यवसायातल्या लोकांनी वाढवली आहे. रुग्णाला नीट हात लावून तपासले, जीभ, छाती, पोट पाहिले आणि गोळी नेमके काय करणार हे एका वाक्यात सांगितले, तर निम्मे लोक सुईचा आग्रह सोडतात. उरलेल्यांना नम्रपणे नाही म्हणण्याचा सराव करावा.

स्त्री रुग्णाची तपासणी सिस्टर किंवा दुसरी स्त्री कर्मचारी उपस्थित असतानाच करावी. सासू बरोबर असेल तर तिला थोडा वेळ बाहेर बसवून सुनेशी एकटीशी बोलावे. पाळी, श्वेतस्राव, मारहाण, मूल नको असणे यांपैकी काहीही सासूसमोर बाहेर येत नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेला, १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे आठवावा : तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला होता, आणि उपचारासाठी डॉक्टरकडे गेलेल्या फारच थोड्या होत्या.

घरभेट

आशाताईंबरोबर आठवड्यातून किमान दोन सकाळी किंवा दोन संध्याकाळी गावात फिरावे. दुपारी घरे बंद असतात. २०२२ पासूनच्या तुकड्यांना कुटुंब दत्तक कार्यक्रमामुळे (शिकत असतानाच गावातली काही कुटुंबे नेमून दिली जातात) घरभेटीची थोडी सवय असते. आंतरवासितेत मात्र तुम्ही उपचारांच्या साखळीतले एक आहात. संपूर्ण मुक्कामासाठी चार-पाचच कुटुंबे निवडावीत, आणि ती सोपी नसावीत. एक घर क्षयरोगाच्या रुग्णाचे, एक गरोदर स्त्रीचे, एक पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे, एक रक्तदाबाची औषधे सतत सोडणाऱ्याचे अशी निवड करून पाहावी.

पहिल्या भेटीत उंबऱ्याबाहेर थांबून विचारावे, चप्पल काढावी, दिलेले पाणी घ्यावे आणि लगेच वही उघडू नये. बोलता बोलता तीन पिढ्यांचा वंशवृक्ष मनात तयार करावा आणि बाहेर आल्यावर कागदावर काढावा : कोण कशाने गेले, कोण कुठे कामाला आहे, पैसे कोणाच्या हातात असतात, औषध आणायला कोण जाते. चूल आत आहे की बाहेर, झोपायला खाट आहे की जमीन, पाणी कुठून येते हेही पाहावे. दमेकरी बाईची फुंकणी आणि तिच्या श्वासनलिका यांचा संबंध शिकायला याहून चांगली जागा नाही.

दुसऱ्या भेटीत औषधांचा डबा पाहायला मागावा. त्यात तीन वेगवेगळ्या दवाखान्यांच्या गोळ्या, एकच औषध दोन नावांनी, आणि शेजारणीला ‘लागू पडलेली’ एखादी पट्टी सापडते. रागावले तर पुढच्या वेळी डबा दिसणार नाही.

लसीकरण आणि गरोदर मातांची तपासणी

लसीकरणाच्या सत्राला सकाळी शीतसाखळीच्या खोलीपासून जावे. शीतपेटीचे तापमान २ ते ८ अंशांत आहे का, कुपीवरील, उष्णता लागली की रंग बदलणारा चौकोन काय सांगतो, हे आरोग्यसेविकेकडून समजून घ्यावे. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस विरघळवल्यानंतर चार तासांच्या आत वापरावी लागते. म्हणून कुपीवर वेळ लिहिलेली आहे की नाही ते पाहण्याचे काम तुम्ही अंगावर घ्यावे. लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या असतात : कोणती लस दिली, तिने काय त्रास होऊ शकतो व झाल्यास काय करावे, पुढे कधी यायचे, आणि कार्ड जपून आणायचे. बाळाला अर्धा तास तिथेच बसवून घ्यावे.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी जोखमीची गरोदर स्त्री ओळखणे हा एकच उद्देश ठेवावा : हिमोग्लोबिन ७ च्या खाली, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक, आधीचे सिझेरियन, कमी उंची, जुळे, आडवे मूल. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाणार असेल तर ती केव्हा आणि कोणत्या गावी जाणार, हे विचारून तिथल्या आशाताईंना निरोप जाईल अशी व्यवस्था करावी. सातव्या महिन्यात रक्तदाब वाढलेली मुलगी माहेरी गेली की दोन्ही केंद्रांच्या यादीतून ती निसटते. ही फट मी वारंवार पाहिली आहे.

गरोदर मुलीचे वय १८ च्या आत असल्याचे लक्षात आले, तर स्वतः निर्णय न घेता ताबडतोब वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगावे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली माहिती देणे बंधनकारक आहे, आणि त्या मुलीशी बोलण्याचा सूर मात्र चौकशीचा नसावा.

अचानक येणारे रुग्ण

सर्पदंशाबद्दल इथे अधिक लिहितो, कारण त्यातले बरेचसे केंद्रातच ठरते. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप महत्त्वाचे. आवळून बांधलेली दोरी असेल तर ती झटक्यात सोडू नये. शिरेत सुई लावून औषधाची तयारी झाल्यावर देखरेखीखाली सैल करावी. दंशाची वेळ आणि आल्याची वेळ केसपेपरवर लिहावी. कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवावे; नंतर तिरके केल्यावर रक्त गोठलेले नसेल तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा पुरावा मिळाला. साबणाने धुतलेली नळी चुकीचे उत्तर देते. मण्यारचा दंश अनेकदा दिसतही नाही : रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, नंतर पापण्या जड होतात, आणि नवखा डॉक्टर त्याला पित्ताची गोळी देतो. पावसाळ्यातल्या पहाटेच्या पोटदुखीत पापण्या पाहिल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नये.

विषबाधेची लक्षणे असतील तरच सर्पविषरोधक लस द्यायची असते. सुरुवातीला साधारण १० कुप्या, आणि लहान मुलालाही मोठ्यांइतक्याच, कारण सापाने मुलाला विष कमी दिलेले नसते. अॅड्रेनॅलिन भरलेली सिरिंज शेजारी ठेवल्याशिवाय लस सुरू करू नये. लक्षणे नसलेल्या रुग्णालाही २४ तास नजरेखाली ठेवावे.

लाल विंचवाच्या दंशात घाम, उलट्या आणि थंडगार हातपाय दिसले तर प्राझोसिनचा विचार लगेच व्हावा. या औषधाचा उपयोग महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिला. खेड्यातल्या दवाखान्यात रुग्णाच्या खाटेशेजारी बसून काळजीपूर्वक केलेल्या नोंदींतून ते संशोधन उभे राहिले, हे दोन जाड वह्या न्यायला सांगण्यामागचे एक कारण आहे.

फवारणीनंतर बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस आणि छातीत घरघर असलेला रुग्ण आला तर हातमोजे घालून त्याचे कपडे उतरवावेत, अंग साबणाने धुवावे आणि अॅट्रोपिन सुरू करावे; छाती कोरडी झाली का हे पाहत मात्रा ठरवावी, बाहुल्यांवरून नव्हे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, त्यानंतर या रुग्णांकडे पाहण्याची जागरूकता वाढली आहे, तरी औषधाची बाटली बरोबर आणायला नातेवाईकांना अजूनही सांगावे लागते.

कुत्रा चावल्यास साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे जखम धुणे हा उपचाराचाच भाग आहे. हळद, मिरचीपूड, चुना लावला असेल तर तो धुऊन काढावा. त्वचेत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडे) लागते. ते केंद्रात नसेल तर लसीचा पहिला डोस देऊनच रुग्णाला पुढे पाठवावे.

पुढे पाठवताना

‘पुढील उपचारार्थ जिल्हा रुग्णालयात रवाना’ एवढ्या एका ओळीची चिठ्ठी हा आपल्या व्यवस्थेचा जुना दोष आहे. संदर्भ चिठ्ठीत आल्याची वेळ, तपासणीत काय सापडले, कोणते औषध किती आणि किती वाजता दिले, आणि पाठवण्याचे नेमके कारण लिहावे. पुढच्या रुग्णालयाला आधी फोन करावा. १०८ ला बोलावल्याची आणि गाडी आल्याची वेळ नोंदवावी. गरोदर मातेसाठी १०२ आहे. नातेवाईकांना रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्यायला सांगावे, म्हणजे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या कामात खोळंबा होत नाही. आणि मग, तिसऱ्या दिवशी, त्या घरी फोन करावा. रुग्ण तिथे पोहोचला का, दाखल झाला का, की अर्ध्या रस्त्यातून परत आला? परत आला असेल तर कारण विचारावे. ते बहुधा पैसे, सोबत राहायला माणूस नसणे किंवा घरची जनावरे यांपैकी एक असते.

तुमच्या अधिकाराच्या मर्यादा

आंतरवासीकडे तात्पुरती नोंदणी असते. वैद्यकीय प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला आणि न्यायवैद्यक कागदपत्रे यांवर स्वतःच्या सहीने काहीही देता येत नाही. गावचा ओळखीचा माणूस ‘फक्त दोन दिवसांचे सर्टिफिकेट’ मागेल, तेव्हा नियमाकडे बोट दाखवणे सर्वांत सोपे. विषप्राशन, मारहाण, भाजणे, अपघात असा प्रत्येक रुग्ण आल्याबरोबर वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे, रात्र असली तरी. रुग्णांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत, चेहरा झाकूनही नाही. गावात लुगड्यावरून माणूस ओळखू येतो.

शेवटचा आठवडा

निवडलेल्या कुटुंबांची प्रत्येकी एक पानाची नोंद तयार करावी : आजार, चालू औषधे, पुढची तपासणी कधी, आणि त्या घरात कोणाशी बोलले की काम होते. हे पान वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून केंद्राच्या कुलूपबंद कपाटात ठेवावे. स्वतःबरोबर नेऊ नये. ज्यांचे तपासणीचे निकाल यायचे आहेत त्यांची यादी सिस्टरना वेगळी द्यावी. त्यानंतर एकदा त्या घरांत जाऊन आपण कोणत्या तारखेला जाणार आणि आपल्या जागी कोण येणार हे स्वतः सांगावे, आणि शक्य असेल तर नव्या आंतरवासीला बरोबर घेऊन जावे. तो आलेला नसेल तर आशाताई असतातच. औषधांचा डबा कुठल्या फडताळात असतो, ते त्यांना आधीपासूनच माहीत असते.